विश्लेषण : परसात फटाके बनवणाऱ्या मुलाच्या हाती रॉकेटचे इंधन कसे लागले?

महाविद्यालयाची पदवी नाही, पहिली प्रयोगशाळा म्हणजे घरामागचे अंगण आणि कच्चा माल म्हणजे फटाक्यांतली दारू. अशी सुरुवात करणाऱ्या जॅक पार्सन्स यांची कल्पना आज अंतराळयानांच्या बूस्टरपर्यंत पोहोचली आहे. त्यांचा मृत्यू मात्र घरातल्याच प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात झाला.

दिवाळीतल्या सकाळी अनेक गल्ल्यांमध्ये मुलांचा एक उद्योग सुरू असतो. रात्री न वाजलेले फटाके वेचायचे, त्यांतली दारू कागदावर काढायची आणि तिला काडी लावायची. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत हा खेळ चालतो, कधी कुणाचा हात भाजतो, कधी डोळ्यावर बेतते. बहुतेकांचा हा नाद शाळा संपेपर्यंत सुटतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका मुलाचा मात्र तो आयुष्यभर सुटला नाही.

त्या मुलाचे नाव जॅक पार्सन्स. नासासाठी मंगळावर रोव्हर उतरवणारी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे जेपीएल, ज्या मोजक्या तरुणांच्या धडपडीतून उभी राहिली त्यांतला तो एक. तरीही त्याचे नाव अनेक वर्षे फारसे घेतले गेले नाही. त्याला कारणे होती आणि त्यातली काही त्याने स्वतःच ओढवून घेतली होती.

अंगणातले खड्डे

पार्सन्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. वडिलांचेच मार्व्हल हे नाव मुलाला दिले होते. पण आईवडील लवकरच वेगळे झाले आणि आई रूथ यांना ते नाव घरात नकोसे वाटू लागले. मुलगा जॉन झाला आणि पुढे जॅक. आजी-आजोबा सधन होते. त्यांनी जवळच्याच पासाडेना शहरात ऑरेंज ग्रोव्ह अव्हेन्यू या श्रीमंतांच्या रस्त्यावर मोठे घर घेतले आणि जॅक तिथे वाढला.

एकुलता एक मुलगा, दिमतीला नोकरचाकर आणि सोबतीला ज्यूल व्हर्नची पुस्तके. त्याच काळात अमेरिकेत विज्ञानकथांची स्वस्त मासिके निघू लागली होती. त्यांतल्या चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटांनी त्याला पुरते झपाटले. शाळेत मात्र या लाडावलेल्या मुलाची टिंगल व्हायची, मारही खावा लागायचा. अशाच एका प्रसंगात एडवर्ड फोरमन नावाचा थोडा मोठा मुलगा मध्ये पडला. फोरमनच्या घरची परिस्थिती बेताची होती, पण विज्ञानकथांचे वेड तेच होते. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली.

दोघांनी १९२८ च्या सुमारास फटाके आणि रॉकेट बनवायला सुरुवात केली. विकतचे फटाके फोडून दारू काढायची, नळ्यांमध्ये ठासायची, वात लावायची आणि लांब पळायचे. कधी शहराच्या कडेच्या अरोयो सेको या कोरड्या नदीपात्रात, तर कधी थेट पार्सन्सच्या परसात. आजोबांच्या निगुतीने राखलेल्या हिरवळीवर काळे खड्डे पडू लागले. बहुतेक रॉकेट उडण्याऐवजी फुटत.

इथे एक गोष्ट समजून घेतली तर पुढची सगळी कहाणी सोपी होते. फटाक्यात दारू असते आणि बाणातही दारूच असते. मग एक जागच्या जागी का फुटतो आणि दुसरा वर का जातो? बरेचसे उत्तर दारू कशी भरली आहे यात आहे. सैल भुकटीत ज्योत कणांमधल्या फटींतून धावते. सगळा माल क्षणात पेटतो, तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि नळकांडे फाटते. तोच माल घट्ट आणि एकसंध ठोकळ्यासारखा असेल तर तो उघड्या पृष्ठभागावरून थराथराने जळत जातो. वायू मागच्या तोंडातून सतत बाहेर पडतो आणि नळी पुढे ढकलली जाते.

या पोरांना हे गणिताने ठाऊक नव्हते, फुटलेल्या नळ्यांनी शिकवले. इंधन एकजीव राहावे म्हणून त्यात गोंद मिसळून पाहण्याची कल्पना पार्सन्सची. ती फार चालली असे नाही. पण जळणाऱ्या मालाला धरून ठेवणारे काहीतरी हवे, ही गोष्ट पार्सन्सच्या डोक्यात तेव्हापासून राहिली. पुढे चौदा-एक वर्षांनी तिचाच उपयोग झाला.

आईने मुलाला शिस्त लागावी म्हणून सॅन दिएगोच्या लष्करी शाळेत पाठवले. तिथे त्याने शौचालये उडवली आणि शाळेने त्याला घरी पाठवले.

पदवी नसताना कॅलटेकमध्ये प्रवेश कसा मिळाला?

१९२९ च्या मंदीत घरची संपत्ती ओसरू लागली, १९३१ मध्ये आजोबा गेले. पार्सन्स यांना शाळेत असतानाच हर्क्युलिस पावडर कंपनी या स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यात सुटीच्या दिवशी काम करावे लागले. महाविद्यालयात नाव घातले, पण पैशांअभावी शिक्षण अर्धवट राहिले. औपचारिक शिक्षण संपले ते इथेच. मात्र कारखान्यात रसायने हाताळायला मिळाली. कोणते मिश्रण कसे वागते, कशाला जपायचे, हे ते तिथे शिकले. थोडाफार माल घरी येत असे तो वेगळाच.

१९३५ मध्ये पासाडेनातल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये, रॉकेट-विमानांवर एक व्याख्यान झाले. ते ऐकून पार्सन्स आणि फोरमन वक्त्याला भेटले. त्याने त्यांना फ्रँक मलिना या संशोधक विद्यार्थ्याकडे पाठवले. मलिना यांना रॉकेटवर प्रबंध लिहायचा होता आणि त्यांना प्रत्यक्ष काही बनवणारी माणसे हवी होती. जोडी जुळली. मलिना यांच्याकडे गणित, फोरमन यांच्याकडे यंत्रकामाचा हात आणि पार्सन्स यांच्याकडे रसायनांची जाण.

रॉकेट या शब्दाला तेव्हा विद्यापीठांत फारशी किंमत नव्हती. तो विज्ञानकथांचा विषय मानला जाई. कॅलटेकच्या विमानविद्या प्रयोगशाळेचे प्रमुख थिओडोर फॉन कारमान यांनी तरीही या त्रिकुटाला मोकळीक दिली. त्यांतले दोघे संस्थेचे विद्यार्थीही नव्हते. पगार नाही, निधी नाही. सुटे भाग भंगारातून आणायचे आणि खर्च खिशातून करायचा.

पहिली मोठी चाचणी ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी झाली, अरोयो सेकोमध्ये डेव्हिल्स गेट धरणाजवळ. इंधन मिथेनॉल आणि ऑक्सिजन वायू. पहिले प्रयत्न फसले. शेवटच्या वेळी ऑक्सिजनच्या नळीनेच पेट घेतला, ती सुटली आणि आगीच्या सापासारखी जमिनीवर वळवळू लागली. सगळे जीव घेऊन पळाले. आज जेपीएल हाच दिवस आपला जन्मदिवस मानते आणि संस्थेचा परिसर त्या जागेच्या जवळच पसरलेला आहे. जानेवारी १९३७ मध्ये तेच इंजिन ४४ सेकंद चालले.

सुसाइड स्क्वॉड हे नाव कसे पडले?

गटात पुढे अपोलो स्मिथ, वेल्ड अर्नोल्ड आणि चीनमधून आलेले च्यान श्वेसेन हे संशोधक सामील झाले. प्रयोग आता कॅलटेकच्या इमारतीत होऊ लागले. एकदा नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा वायू पसरला आणि प्रयोगशाळेतल्या महागड्या उपकरणांवर गंजाचा थर चढला. गटाची रवानगी इमारतीबाहेर झाली आणि विद्यार्थ्यांनी त्यांना सुसाइड स्क्वॉड म्हणायला सुरुवात केली. नाव चेष्टेचे होते, पण फार चुकीचेही नव्हते.

१९३८ मध्ये पार्सन्स यांचे नाव पहिल्यांदा सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले ते रॉकेटमुळे नव्हे. लॉस एंजेलिस पोलीस दलातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या हॅरी रेमंड या माजी गुप्तहेराच्या गाडीत बॉम्बस्फोट झाला होता आणि आरोपी होता पोलीस कॅप्टन अर्ल कायनेट. सरकारी पक्षाने स्फोटकांचा जाणकार म्हणून पार्सन्स यांना बोलावले. त्यांनी तशाच बॉम्बची प्रतिकृती करून एक गाडी उडवून दाखवली. कायनेट दोषी ठरला. पार्सन्स तेव्हा २३ वर्षांचे होते आणि पदवी नसलेल्या या तरुणाचे म्हणणे न्यायालयाने तज्ज्ञाचे मत म्हणून ऐकले.

ताजे तेवढेच सुरक्षित

युद्धाचे ढग जमू लागले आणि लष्कराला रॉकेटमध्ये रस वाटू लागला. आखूड धावपट्टीवरून जड विमाने उडवायची तर सुरुवातीला काही सेकंद जास्तीचा रेटा हवा होता. विमानाला रॉकेटच्या नळ्या बांधून हे साधेल का, हा प्रश्न होता. १९३९ मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने आधी १,००० आणि पुढच्या टप्प्यासाठी १०,००० डॉलर दिले. प्रकल्पाच्या नावात रॉकेट हा शब्द टाळून जेट वापरला गेला, कारण रॉकेट म्हटले की लोक हसत. जेपीएलच्या नावात आजही जेट आहे, ते त्यामुळेच.

विमानासाठी घन इंधन सोयीचे होते. टाक्या नकोत, पंप नकोत. पण तज्ज्ञांना ते अशक्य वाटत होते. बंद नळीत दारू दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ एकसारखी जळत राहूच शकत नाही, दाब वाढत जाऊन नळी फुटणारच, असा समज होता. फॉन कारमान आणि मलिना यांनी समीकरणे मांडून दाखवले की जळणारा पृष्ठभाग आणि वायू बाहेर पडण्याचे तोंड यांचे प्रमाण नीट राखले, तर दाब स्थिर राहू शकतो. कागदावर प्रश्न सुटला. आता तसा वागणारा पदार्थ शोधायचे काम पार्सन्स यांचे होते.

ऑगस्ट १९४१ मध्ये रिव्हरसाइडजवळच्या मार्च फील्ड विमानतळावर एर्कूप नावाच्या छोट्या विमानाला रॉकेटच्या नळ्या बांधल्या गेल्या. वैमानिक होते लष्कराचे होमर बूशी. उड्डाणासाठी लागणारे अंतर जवळपास निम्म्यावर आले. २३ ऑगस्टला तर विमानाचा पुढचा पंखाच काढून टाकला आणि विमान फक्त रॉकेटच्या जोरावर काही क्षण हवेत गेले.

यश मोठे होते, पण त्यात एक मेख होती. इंधनाच्या नळ्या ताज्या असतील तरच चालत. काही दिवस ठेवल्या की फुटत. कारण पुन्हा परसातलेच. दाबून बसवलेला दारूचा ठोकळा थंडी-उन्हाने आकसतो, प्रसरण पावतो, त्यात भेगा पडतात आणि नळीच्या भिंतीपासून तो सुटतो. ज्योत त्या भेगांत शिरते. जळणारा पृष्ठभाग एकदम कितीतरी पट वाढतो, दाब गणिताबाहेर जातो आणि बाणाचा बॉम्ब होतो. आरमाराला समुद्रावर, उन्हात, महिनोन् महिने ठेवता येईल असा माल हवा होता. भट्टीतून काढलेला ताजा पाव त्यांच्या कामाचा नव्हता.

डांबराची कल्पना कुठून आली?

जून १९४२ मध्ये पार्सन्स यांना उत्तर सापडले आणि ते होते छपराला, रस्त्याला लावतात ते डांबर. ही कल्पना कशी सुचली याच्या दोन कथा सांगितल्या जातात. एका कथेनुसार त्यांनी कामगारांना छपरावर डांबर ओतताना पाहिले. दुसरीनुसार ग्रीक फायर या प्राचीन ज्वालाग्राही मिश्रणाबद्दल वाचताना ती सुचली. दोन्ही कथा रंगतदार आहेत, पण त्यांत न आलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इंधनाला धरून ठेवणारे काहीतरी हवे, हे पार्सन्स यांना शाळेपासून माहीत होते.

या कल्पनेत दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. एक म्हणजे काळ्या दारूचा मार्गच सोडून दिला. ऑक्सिजन पुरवण्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट वापरले आणि डांबराला दुहेरी काम दिले. ते स्वतः जळणार आणि बाकीचे मिश्रणही धरून ठेवणार. दुसरी गोष्ट म्हणजे हे मिश्रण ठासायचे नव्हते, तर ओतायचे होते. गरम असताना ते नळीत वाहत जाऊन भिंतीला चिकटते, थंड झाल्यावर घट्ट होते. तरीही डांबराचा स्वभाव थोडा लवचीक असल्याने दारूच्या ठोकळ्यासारखे चटकन तडकत नाही.

एवढी साधी गोष्ट आधी कुणाला का सुचली नाही? रसायनशास्त्राच्या पदवीधराला कदाचित डांबर प्रयोगशाळेत आणावेसेच वाटले नसते, असे म्हणायचा मोह होतो. पण ते अर्धेच खरे. मलिना आणि फॉन कारमान यांची समीकरणे नसती तर डांबराचे ते इंधन परसातल्या फटाक्यांच्या पुढे गेले नसते. पार्सन्स यांच्या हाताला गणिताची जोड मिळाली, ती कॅलटेकमुळे.

मार्च १९४२ मध्येच फॉन कारमान, मलिना, पार्सन्स, फोरमन आणि इतरांनी मिळून एअरोजेट ही कंपनी काढली होती. आरमाराकडून मागणी आली आणि कारखाना सुरू झाला. १९४४ मध्ये कॅलटेकचा रॉकेट प्रकल्प जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या नावाने ओळखला जाऊ लागला.

डांबरालाही मर्यादा होत्या. फार उन्हात ते मऊ पडे, फार थंडीत कडक होई. काही वर्षांतच जेपीएलमधल्या चार्ल्स बार्टली यांनी त्याच्या जागी कृत्रिम रबर आणले आणि पोटॅशियमऐवजी अमोनियम परक्लोरेट वापरात आले. पण रबरासारख्या पदार्थात ऑक्सिजन देणारा घटक मिसळून तो नळीत ओतायचा, ही पद्धत तशीच राहिली. स्पेस शटलच्या दोन पांढऱ्या बूस्टरमध्ये याच जातीचे इंधन होते. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते, तेही याच कुळातले.

मग नाव मागे का पडले?

दिवसा रॉकेट आणि रात्री गूढविद्या, असे पार्सन्स यांचे आयुष्य झाले होते. ॲलिस्टर क्रॉली या इंग्रज गूढवाद्याच्या थेलेमा या पंथात ते पत्नी हेलनसह सामील झाले आणि पुढे त्याच्या कॅलिफोर्नियातल्या शाखेचे प्रमुख बनले. ऑरेंज ग्रोव्हवरच्या १००३ क्रमांकाच्या बंगल्यात पंथाचे लोक, कलावंत, विज्ञानकथालेखक एकत्र राहू लागले. तिथले विधी आणि मेजवान्या यांच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या कंपनीला असा भागीदार अडचणीचा होता. युद्ध संपत आले तसे कंपनीचे स्वरूप बदलले, मोठे भांडवल आले आणि पार्सन्स व फोरमन यांनी आपले समभाग विकले. ते ठेवले असते तर पुढे त्यांना पैशांची ददात पडली नसती.

त्याच बंगल्यात १९४५ मध्ये एल. रॉन हबर्ड हे विज्ञानकथालेखक राहायला आले, ज्यांनी नंतर सायंटॉलॉजी हा पंथ काढला. पार्सन्स यांची तेव्हाची जोडीदार सारा हबर्ड यांच्याकडे गेली. तिघांनी मिळून बोटी खरेदी-विक्रीचा धंदा काढला, त्यात पार्सन्स यांनी आयुष्यभराची बचत ओतली आणि हबर्ड व सारा पैसे घेऊन फ्लोरिडाला निघून गेले. न्यायालयात जाऊन पार्सन्स यांना त्यातला काही भागच परत मिळाला. स्फोटकांच्या बाबतीत इतका बारीक विचार करणारा माणूस माणसांच्या बाबतीत एवढा गाफील कसा, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात वारंवार पडतो. १९४६ मध्ये त्यांनी मार्जोरी कॅमेरॉन या चित्रकर्तीशी लग्न केले.

मग शीतयुद्ध आले. संरक्षण प्रकल्पांत काम करायला लागणारी सरकारी परवानगी १९४८ मध्ये काढून घेतली गेली, १९४९ मध्ये परत मिळाली. १९५० मध्ये ह्यूजेस एअरक्राफ्टमध्ये असताना इस्रायलमध्ये नोकरी मिळवण्यासाठी अर्ज तयार करताना त्यांनी कंपनीची कागदपत्रे बाहेर नेली. हेरगिरीचा संशय आला, एफबीआयने चौकशी केली. खटला उभा राहिला नाही, पण जानेवारी १९५२ मध्ये परवानगी कायमची गेली. रॉकेटचे दार बंद झाले.

या गटातले बाकीचेही सुटले नाहीत. डाव्या विचारांमुळे मलिना संशयाच्या फेऱ्यात आले. ते पॅरिसला जाऊन चित्रकलेत रमले. च्यान श्वेसेन यांना नजरकैदेत ठेवून १९५५ मध्ये चीनला जाऊ दिले गेले आणि तिथे त्यांनी चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. अमेरिकेला हा सौदा केवढ्याला पडला, यावर आजही चर्चा होते.

पुन्हा फटाक्यांकडे

पार्सन्स यांनी पेट्रोल पंपावर काम केले, रुग्णालयात मदतनीस म्हणून राबले. शेवटी हाताशी उरले ते लहानपणीचेच कसब. हॉलीवूड जवळ होते आणि चित्रपटांना धूर, धुके, स्फोट, गोळी लागल्यासारखी दृश्ये हवी असत. त्यासाठी लागणारी दारू बनवणारी छोटी कंपनी त्यांनी काढली. ऑरेंज ग्रोव्हवरच एका जुन्या बंगल्याची घोडागाडी ठेवायची इमारत त्यांनी घेतली होती. तिच्या तळमजल्यावर कामाची जागा होती आणि घरात इतर बिऱ्हाडेही होती. रसायने त्याच छताखाली होती.

जून १९५२ मध्ये पती-पत्नींनी काही महिन्यांसाठी मेक्सिकोला जायचे ठरवले. सामान बांधून झाले होते. १७ जूनला, निघायच्या आदल्या दिवशी, एका चित्रपटासाठी स्फोटकांची तातडीची मागणी आली. कॅमेरॉन बाजारहाट करायला बाहेर गेल्या होत्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास तळमजल्यावर लागोपाठ मोठे स्फोट झाले. वरच्या मजल्यावरचे लोक धावत खाली आले तेव्हा पार्सन्स ढिगाऱ्यात होते. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग गेला होता, पण ते शुद्धीवर होते. तासाभरात रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वय ३७. मुलाची बातमी कळताच आई रूथ यांनी त्याच संध्याकाळी स्वतःचे आयुष्य संपवले.

पोलिसांच्या तपासात निष्कर्ष निघाला अपघाताचा. मर्क्युरी फल्मिनेट हे धक्क्यानेही उडणारे स्फोटक कॉफीच्या डब्यात होते, तो डबा हातातून पडला आणि त्याने आसपासची रसायने पेटवली, असा तर्क होता. अनेक परिचितांना तो पटला नाही. इतका अनुभवी माणूस अशी चूक करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. कायनेट प्रकरणातल्या सुडापासून हेरगिरीपर्यंत आणि आत्महत्येपासून गूढविधीपर्यंत नाना तर्क लढवले गेले, आजही लढवले जातात. पण फोरमन यांनी एक घरगुती कारण सांगितले होते. पार्सन्स यांच्या तळहातांना फार घाम यायचा, डबा निसटणे सहज शक्य होते. इतकी वर्षे शेजारी उभे राहून नळ्या ठासलेल्या मित्राचे हे निरीक्षण बाकीच्या तर्कांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते. घाईची मागणी, उन्हाळ्याची संध्याकाळ आणि मदतीला कुणी नाही, एवढे पुरेसे होते.

घरात स्फोटके ठेवण्याचा हा प्रकार भारतात कायद्याच्या कक्षेत येतो. १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम यांनुसार परवान्याशिवाय शोभेची दारूही बनवता येत नाही. घर, गच्ची किंवा अंगण यांचा अपवाद नाही. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. फटाके कारखान्यांचे परवाने आणि सुरक्षा पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे.

पार्सन्स यांच्या नावाचे आज काय उरले आहे?

मृत्यूनंतर अनेक वर्षे रॉकेटच्या इतिहासात त्यांचा उल्लेख ओझरता येई. मोठ्या संस्थेला आपल्या संस्थापकांत गूढविद्येचे विधी करणारा माणूस दाखवणे अवघड गेले असावे. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने चंद्रावरच्या एका विवराला पार्सन्स हे नाव दिले. ते चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूला आहे. अलीकडच्या काळात त्यांच्यावर चरित्रे आली, २०१८ मध्ये स्ट्रेंज एंजल नावाची वेब मालिकाही आली. जेपीएल ही अक्षरे जॅक पार्सन्स लॅबोरेटरी या नावाचीही असू शकतात, हा त्या संस्थेबद्दलचा जुना विनोद आहे.

आणि अरोयो सेकोच्या काठावर, जिथे पेटलेली नळी वळवळली होती, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आजही रॉकेटचे आणि यानांचे काम सुरू आहे.